माळकऱ्याच्या कोंबड्या

ताडकळसच्या आश्रुबानं गळ्यात माळ घातली त्याला बरीच वर्षं झाली. अंडं तो खात नाही. विकतो मात्र बाजारभर ओरडून. देवाची याला हरकत नसावी, असं त्याचं त्यानंच ठरवून टाकलंय. एकदा कीर्तन ऐकून येताना त्याच्या मनात आलं, आपण सुधारलो, पण कोंबड्यांचं काय? उकिरड्यावर किडे टिपतात, गांडुळं ओढतात! झालं, कोंबड्या जाळीत कोंडल्या. बाजरीच्या भरड्यात शेवग्याचा वाळवलेला पाला, मेथीदाणा, ओवा आणि चिमूटभर हळद, असा नेम सुरू झाला. बाजारात पुठ्ठ्याची पाटी लागली : ‘सात्त्विक अंडी’.

बलक केशरी झाला, हे कबूल. पण थोड्याच दिवसांत बलकच दिसेनासा झाला. कोंबड्या अंडी देईनात.

हॉटेलवाल्या लिंबाजीला एवढं पुरे होतं. "काय आश्रुबा, कोंबड्यांना आज बी एकादशी हाय का?"

"नुस्त्या पाल्यावर दिवाळीच्या बाजाराला टोपली भरून आणतो," आश्रुबा चिडला. "न्हाई आणली तर मिशी उतरवतो!"

आता ही मिशी म्हणजे साधी नव्हे. गावात शिरताना दुरून दोनच गोष्टी दिसत, पाण्याची टाकी आणि ती. घाबरलेल्या आश्रुबानं पाला दुप्पट केला. कोंबड्यांनी तोंड फिरवलं.

शेवटी बायको सत्यशीला कामाला लागली. तिनं गोठ्यामागं एक मडकं शेण आणि फाटक्या गोणपाटानं भरलं, पाणी शिंपडून पालथं घातलं. दोन दिवसांत आत वाळवी बुजबुजली. नवरा भजनाला गेला की जाळी उघडायची, मडकं उलटायचं. तो यायच्या आत कोंबड्या जाळीत, चोची पुसून.

दिवाळीच्या बाजाराला टोपली भरली. आश्रुबानं मिशीला पीळ देत शेवग्यावर असं प्रवचन झोडलं, की दोघातिघांनी तिथंच पाला मागितला.

"आमाला दाखव तरी, कसं खाऊ घालायलाय ते," लिंबाजी म्हणाला.

घोळका घरी आला. आश्रुबानं ऐटीत जाळी उघडली, पाल्याचं घमेलं पुढं सरकवलं. कोंबड्या घमेल्यावरून उड्या मारत थेट गोठ्यामागं पळाल्या आणि पालथ्या मडक्याभोवती कलकलाट करू लागल्या. लिंबाजीनं मडकं उचललं. पुढचा हिंसाचार सांगण्यासारखा नाही.

"अगं, हे काय?" आश्रुबा किंचाळला. "घरात माळ हाय!"

"माळ तुमच्या गळ्यात हाय," सत्यशीला म्हणाली, "कोंबड्यांच्या न्हाई."

"आन् मिशी?" लिंबाजीनं हळूच विचारलं. "पैज तर नुस्त्या पाल्यावर होती."

मिशी त्याच दिवशी गेली. पाटीवरचं ‘सात्त्विक’ खोडून ‘गावरान’ झालं. मडकं आता आश्रुबा स्वतःच उलटतो, पण मान वळवून, डोळे घट्ट मिटून. दिसलं नाही की पाप लागत नाही, असंही त्याचं त्यानंच ठरवून टाकलंय.