दुखत नाही

अड्याळच्या बुधरामला बीपीची गोळी रोज घ्यायला सांगितली होती. पण त्याला ना चक्कर, ना डोकेदुखी. "दुखत नाही, तं गोळी कायले खाऊ?" म्हणत त्यानं ती सोडली. बायको शकुन भांडून भांडून थकली. एका सकाळी तलावात जाळं ओढताना त्याची डावी बाजू लुळी पडली. वाढलेल्या बीपीनं मेंदूतली नस फुटली, असं डॉक्टर म्हणाले.

आता तो अंगणात बसून उजव्या हातानं मासळी निवडतो. आज टोपलीतल्या जिवंत शिंगी माशानं त्याच्या काठावर पडलेल्या डाव्या हातात विषारी काटा खुपसला. या काट्यानं भला गडीही बोंबलत सुटतो. बुधराम मात्र परक्याचा हात पाहावा तसा रक्ताकडे पाहत बसला.

"दुखून राहिलं का जी?" शकुननं घाबरून विचारलं.

"दुखत नाही."

या वेळी शकुन भांडली नाही.