वारेतला परका

आमच्या प्रसूतिगृहातल्या आयाबाई शांतादेवीनं आजवर किती बाळंतिणींची, बाळामागून पडणारी वार उचलली, देव जाणे. स्वतःला मूल झालं नाही. मल्लिकार्जुनची ती दुसरी बायको. पहिलीची पोरगी सौंदर्या तिनंच लहानाची मोठी केली; ती हिला अव्वा, म्हणजे आई, म्हणायची. नवरा गेला, पोरगी सासरी गेली, आणि शांतादेवी घरात एकटी उरली. सुट्टी दिली तरी कामावर यायची. मला तिची कीव यायची आणि रागही.

सौंदर्याला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेरच्या बाईनं न्यायला जायचं, ही रीत. शांतादेवीनं खोलीला चुना दिला, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली, पण न्यायला काही गेली नाही. मी टोकलं तर म्हणाली, "सख्खी मावशी हाय की तिची राधानगरीला. मी कोण मधीच?" पोरीनं तोंडानं 'न्यायला ये' म्हणावं, याची वाट बघत बसली. पोरगी काही म्हणाली नाही. शेवटी मावशीच घेऊन गेली, आणि मुलगा झाल्याचं हिला फोनवर कळलं. तिनं सगळ्यांना पेढे वाटले आणि धुण्याच्या खोलीत जाऊन रडत बसली.

माझं डोकंच फिरलं. नुकतंच एक बाळंतपण आटोपलं होतं. ट्रेमधली वार तिच्यापुढं धरली आणि डॉक्टरबाईंनी आम्हा नर्सना शिकवलेलं सगळं तिला सुनावलं. कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या अंगात एक विषाणू शिरला. आला तो रोग होऊन, पण पिढ्यान्‌पिढ्या तिथंच राहिला. त्याच्याच जनुकामुळं आज वारेतला तो पडदा तयार होतो, ज्यातून आईचं अन्न पोटातल्या बाळाला पोचतं. इथं प्रत्येक लेकरू परक्याच्या जिवावर वाढतं, आणि तू सख्खं-सावत्र काय घेऊन बसलीस?

ती वारेकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "त्येला तरी कुणी बोलवलं हुतं?"

"कुणीबी न्हाई," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपटी घेऊन ती सकाळच्या एसटीनं राधानगरीला गेली.

संध्याकाळी परतली ती थेट माझ्याकडं. सौंदर्यानं बाळ मांडीवर दिलं म्हणे, जेवूनही घातलं. मी म्हटलं, मग तोंड का असं?

"निघताना म्हणाली, 'अव्वा, मी बॅग भरून बसलेलो. मावशीला चार दिस थांबीवलं. तू न्ह्यायला आलीच न्हाईस.'"