आधी आईला बांधा

"आईला बांधा! आधी आईला बांधा म्हणतो ना!"

भर दिवाळी पाडव्याला, मंगळवार पेठेत आमच्या गोठ्यासमोर शी सर ओरडत होते. नाकावर रुमाल दाबलेला, तरी आवाज पार पंचगंगेच्या घाटावर धुणं धुणाऱ्या बायांनी ऐकला असणार. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शिंगं रंगवलेल्या, मोरपिसं खोचलेल्या म्हशी आणि त्यांच्यामागं निम्मं कोल्हापूर. मधोमध आमचे अण्णा पुंगळी, म्हणजे सायलेन्सर, काढलेल्या मोटरसायकलवर. आई म्हणजे सुंदरी, आमची म्हैस. ती ह्या गाडीमागं अशी पळायची की गाडीलाच धाप लागावी. आज मात्र पळायचं होतं तिच्या दीड वर्षांच्या पारडीनं.

सर राजारामपुरीत, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आम्हाला जीवशास्त्र शिकवायचे. मूळचे नेसरीचे. जगातल्या यच्चयावत गोष्टींची त्यांना किळस यायची. खडू, चहावरची साय, मुलांचं अक्षर, मुलं. प्रत्येकाला एकच शब्द: "शी!" माझी बेडकाची आकृती बघून त्यांनी अशी शी केली, की कपाटावरच्या बरणीतल्या बेडकानं कूस बदलली. पहिल्या बाकावरच्या तिघांनी पाहिलंय, विचारा.

पण सगळ्यात मोठी शी राखून ठेवलेली होती एका जुन्या फ्रेंच पंडितासाठी. त्याचं नाव ते तोंडानं घेत नसत, फळ्यावर लिहीत आणि हात धूत. ह्या पंडिताचं म्हणणं, जिराफानं उंच पाल्यासाठी मान ताणली, ती लांबली, आणि ती लांबी पिल्लाला मिळाली. "प्राणी बदलत जातात हे बाबानं धीटपणे सांगितलं, त्यासाठी अर्धा नमस्कार," सर म्हणत. "पण जन्मात कमावलेलं बीजात उतरतं? शी! अगं, आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या मुलींचे कान टोचतात. एक तरी भोकासकट जन्मली का? कुणीतरी उंदरांच्या शेपट्या छाटत बसला, पिढीमागून पिढी. पुढची पिल्लं शेपटीसकटच!" मग उंदराच्या आठवणीनं पुन्हा शी.

आमच्या घरी मात्र तो फ्रेंच पंडित जिवंत होता आणि धारा काढत होता. बारावीच्या परीक्षेच्या फॉर्मवर अण्णा सही करेनात. "चार पिढ्या म्हशी केल्या आमी. पोरीच्या रक्तात हाय ते. तिला कशाला पायजे बारावी?" मी वर्गात रडले. सरांना रडण्याचीही किळस होती. "शी, नाक पूस," म्हणाले, आणि संध्याकाळी गोठ्यावर हजर.

गोठ्यात ते आले ते मांजर ओल्या फरशीवरून चालतं तसे. एकेक पाय झटकत. अण्णांनी खास निरशा दुधाचा पेला पुढं केला. सरांनी त्याच्याकडं बघितलं आणि डोळे मिटले.

"पाहुणं, दुधालाबी शी?"

"त्यात केस आहे. आणि तुमच्या बोलण्यात चूक आहे. रक्तात काही नसतं, शिकवावं लागतं. सुंदरीला गाडीमागं पळायला कुणी शिकवलं?"

"मी. दोन वरसं घासलीया."

"मग पारडीलाही शिकवावं लागेल."

"ह्या! ती न शिकवता पळंल. पाडव्याला बघा की. पळली तर पोरगी गोठ्यात. न्हाय पळली तर तिथंच सही."

दुसऱ्या दिवशी मी सरांना दवाखान्याच्या जिन्यापाशी गाठलं. "सर, माझं वर्ष एका पारडीवर लावलं तुम्ही!" सर म्हणाले, "एका पारडीनं सिद्धांत पडत नसतो. पण तुझा बाप पडेल."

म्हणून तो आरडाओरडा. सुंदरी गाडीमागं सुटली असती, तर पारडी आईमागं धावलीच असती, आणि अण्णा म्हणाले असते, बघा रक्त! सरांनी स्वतः, नाक धरून, सुंदरीचं दावं खांबाला बांधलं. दोन गाठी मारल्या. हात शर्टाला पुसले आणि शर्टाकडं बघून शी केली.

अण्णांनी गाडी रेटली. असा आवाज झाला की मोरपिसं गळाली. पारडीनं गाडीकडं पाहिलं, चार पाय चार दिशांना टाकले आणि उलट्या बाजूला सुटली. उलट्या बाजूला सर होते. सरांच्या मागं आमचा उकिरडा होता, चार पिढ्यांचा.

सर कमरेपर्यंत आत गेले. मी वाट बघत होते की आता अशी शी येईल, की ज्योतिबाचा डोंगर हलेल.

पुढं बऱ्याच वर्षांनी सर नेसरीला परत गेले आणि तिथंच वारले. मी त्यांना शेवटची भेटले तेव्हाही त्यांनी माझ्या हातच्या चहाला शी केली. आता तोच धडा मी शिकवते, त्या पंडिताचं नाव लिहून हात धुते. पण सर आठवतात ते त्या उकिरड्यात, रुमाल हरवलेले.

त्या पाडव्याला अण्णा गाडी टाकून धावले, हात दिला. "सर, लागलं न्हाई न्हवं?"

"फॉर्मची मुदत सोमवारपर्यंत आहे," सर म्हणाले.