सासूबाईंचं उतरवलेलं चित्र

माझ्या पहिल्या चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनाला सासूबाई येणार नाहीत, असं मी धरूनच चालले होते. गुडघे धड नाहीत, आणि जळगाव जामोदहून बुलढाण्यापर्यंत एसटीत बसायचं म्हणजे हाडं खिळखिळी. पण त्या आल्या. नवं लुगडं नेसून, नणंदेच्या सासरच्या मंडळींना सोबत घेऊन आल्या. दालनाच्या दारात चपला काढल्या. त्यांचं पाहून मागच्या सगळ्यांनी काढल्या.

या बाईचे माझ्यावर उपकार आहेत, हे आधी सांगते. लग्न करून आले तेव्हा रंगांची पेटी मी कपड्यांखाली दडवली होती. ती त्यांनीच काढून वरच्या खोलीत नेली. भाजीचं तोडणं-निवडणं, पाहुणेरावळे, सगळं अंगावर घेऊन म्हणायच्या, "जाय वरती, मी आहो ना." पुढं गुडघे गेले आणि त्यांचं वर येणं बंद झालं. मी काय काढते ते त्यांनी पाहिलं नाही, आणि मीही कधी खाली आणून दाखवलं नाही.

आता दालनाच्या मधल्या भिंतीवर त्याच होत्या. वांग्यांच्या ढिगाशेजारी गोणपाटावर आडव्या, पदर घसरलेला, तोंड किंचित उघडं, टाचांच्या भेगा समोर. चित्राचं नाव 'दुपार'. माझं सगळ्यात चांगलं चित्र. उद्घाटनाला बोलावलेले माझे चित्रकलेचे सर तर त्याच्यासमोरून हलतच नव्हते.

सासूबाई तिथं येऊन थांबल्या. आधी चित्राकडे पाहिलं, मग शेजारी उभ्या व्याह्यांकडे. डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढला आणि मला हळूच म्हणाल्या, "मी कवाच चारचौघात आंग टाकलं नाही. मले विचारलं काऊन नाही?"

माझा स्वभाव तापट. आई, यात लाजायचं काय, ही कला आहे, असं अगदी जिभेवर आलं होतं. बोलले असते तर मोठी माती खाल्ली असती. पण त्या अजून पदर घट्ट धरून, चित्राकडे पाठ करून उभ्या होत्या. जन्मभर पाहुण्यांसमोर ताठ बसलेली बाई मी सगळ्या लोकांसमोर निजवून ठेवली होती. माझी मलाच इतकी लाज वाटली, की स्टूल ओढून मी चित्र उतरवलं आणि भिंतीकडे तोंड करून ठेवून दिलं.

"अगं, हे काय करतेस?" सर म्हणाले.

"विचारलं नव्हतं, सर."

मधली भिंत रिकामी. समई अजून पेटायची होती. लोक कुजबुजायला लागले. तेवढ्यात सासूबाईंनी पाहुण्यांसाठी मांडलेली एक खुर्ची ओढली, पदर सारखा केला आणि हात मांडीवर ठेवून बसल्या.

"आता काढ," म्हणाल्या. "नीट काढजो."

मी कोळशानं काढायला बसले. सर भाषणाचा कागद खिशात घालून उभे राहिले. चहा निवला, पण कुणी घरी गेलं नाही. सासूबाई आधार कार्डाच्या फोटोला बसल्यासारख्या समोर बघत होत्या. खरं सांगू? चित्र जमलं नाही. जबडा भलताच ताठ आला, एक डोळा मोठा झाला. पण त्यांनी ते पाहून मान हलवली आणि व्याह्यांना म्हणाल्या, "हे मी आहो." मग मी ते मधल्या भिंतीवर लावलं आणि सरांनी समई लावली.

लोक चहाकडे वळले, तेव्हा मी त्यांच्याजवळ जाऊन विचारलं, "आई, ते पहिलं फाडून टाकू?"

"फाडू नको वं. चांगलं हाये ते. तुह्या खोलीत लाव. तू पाह्यलं त काय होते? तुह्यासमोर त मी निजतोच."

एवढं मोठं मला आजवर कुणी काही दिलेलं नाही.