आतोबांचा बाबुना

बाबुन्याच्या रोपांवर स्वतःची छत्री धरून आपण उन्हात करपत बसणारा माणूस साऱ्या कर्जत तालुक्यात एकच होऊन गेला, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता.

आत्याला कित्येक वर्षं झोप लागत नसे. खालापूरच्या एका हकिमांनी बाबुन्याच्या फुलांचा काढा सांगितला, चिमूटभर बी दिलं, आणि आतोबांनी दहिवलीच्या परसात नुसती धमाल उडवली. बी राखेसारखं बारीक, फुंकरीनं उडणारं. म्हणून पेरणीच्या दिवशी घरात कुणी शिंकायचं नाही, असा हुकूम सुटला. स्वतः आतोबांचं नाक तपकिरीनं इतकं बधिर झालेलं, की गुलाब आणि गोठा त्यांना सारखाच. तरी त्या दिवशी त्यांनी तपकीर सोडली आणि नाकाला पंचा बांधून दरोडेखोरासारखे वाफ्यावर वाकले. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारी शिंकला. "तिकडं तोंड कर रं!" आतोबा गरजले, "हितं तुज्या वैनीची झोप पेरतोय मी!"

रोपं वीतभर झाली आणि शेताच्या बांधाच्या तंट्यापायी आतोबांना आठ दिवस खालापूरला जावं लागलं. वाफा त्यांनी माझ्या हवाली केला. मी तेव्हा पंचविशीतला आणि त्यांच्याच घरी राहणारा. बाबुन्याची पानं हुबेहूब शेपूसारखी, आणि शेपूचा वाफा नेमका शेजारी. आत्यानं भाजीला शेपू मागितला. मी गप्पांच्या नादात उपटून दिला. जेवताना ती म्हणाली, "आज शेपू कडू लागतोय रं." मी तसाच उठून परसात गेलो: शेपू जागच्या जागी, बाबुन्याचा वाफा रिकामा.

खरं सांगायला हवं होतं. मी काय केलं, तर शेपूची रोपं मातीच्या ढेकळांसकट उचलून बाबुन्याच्या जागी लावली, आणि आतोबा आल्यावर म्हणालो, "शेपू खाऊन संपला." पुढं त्याला पिवळे तुरे आले. हकीम तर पांढऱ्या पाकळ्या म्हणाले होते! आतोबा डगमगले नाहीत. "परमुलखात आलं की माणूस पोशाख बदलतो, हे तर झाड!" त्या तुऱ्यांचा काढा ते रोज दिवेलागणीला आत्याला पाजत आणि ती निजेपर्यंत उशाशी बसत. ती निजायचीही. मग गावभर सांगत फिरायचे, "बाबुना लागू पडला!"

आतोबा गेल्यावर मी आत्याजवळ सगळं कबूल केलं. ती हसली. "जल्म चुलीपाशी गेला, मला शेपू कळत नाय व्हय?"

"मग झोप?"

"कुठली झोप! डोळे मिटून पडायची. नायतर ते उठलेच नसते उशापासनं."

त्या दिवसापासून मलाच झोप नीट लागत नाही. दर कार्तिकात मी खरा बाबुना पेरतो, न शिंकता. यंदा माघात पांढरी फुलं आली. काढा करून आत्याला नेऊन दिला. तिनं एक घोट घेतला आणि पेला दोन्ही हातांत धरला.

"चांगला झालाय रं," ती म्हणाली. "पण याला शेपूचा वास नाय."