टेकडीवरच्या गावाला आलेला पूर

समस्त देशवासीयांना कळविण्यास अत्यंत दुःख होते की, पारशिवनी तालुक्यातील एक गाव गेल्या मे महिन्यात भर दुपारी पुरात बुडाले. गाव टेकडीवर आहे आणि जवळचा नाला दिवाळीनंतर आटतो, या बाबी गौण समजाव्यात. बुडाले ते बुडाले, आणि बुडवणाऱ्यांत मी होतो.

मी नागपूरच्या एका मदतसंस्थेत काम करतो. संकट आलं की धावायचं, ही आमची जुनी पद्धत. आता आम्ही आधीच पाहणी करतो. बदलत्या हवामानात देशाच्या कुठल्या भागाला कशाचा धोका आहे ते तिथल्याच माणसांना विचारायचं, आणि धोका मोठा असेल तिथे मदत अगोदर पोचवायची. माझ्या जोडीला आसामची एक तरुण सहकारी होती.

या गावात आम्हाला बोलावलं होतं तिथल्या आशाताईंनी. उन्हाळ्यात शेतात चक्कर येऊन पडलेली माणसं त्यांच्याकडे आरोग्य उपकेंद्रात आणतात, आणि उपकेंद्राला छप्पर पत्र्याचं. माणूस उन्हातून उचलायचा आणि भट्टीत ठेवायचा. ताईंना तिथे पक्क्या छताची, कूलर लावलेली एक खोली हवी होती. पाहणीत गावाने ऊन हा मोठा धोका ठरवला, तरच ती मिळणार होती.

समाजमंदिरात आम्ही चार चित्रं मांडली: पूर, दुष्काळ, वीज, ऊन. प्रत्येकाने मूठभर चिंचोके घ्यायचे आणि ज्याची भीती जास्त त्याच्यापुढे जास्त ठेवायचे. त्याआधी मी सहकारिणीची ओळख करून दिली. आता मला ओळख साधी करून देता येत नाही. मी तिच्या गावचा पूर असा उभा केला की, सतरंजीवर बसूनच होडी वल्हवली. पुढच्या रांगेतल्या बायांनी पाय आखडून घेतले.

मग आशाताईंचे सासरे उठले. गावातले वडीलधारे.

"ऊन काय धोका हाय का? ते तर आपल्या घरचंच," ते म्हणाले आणि सगळी मूठ पुरापुढे रिकामी केली. "पोरगी इतक्या दुरून आली. तिच्या पुराले मान द्या गा."

"मी तर उन्हाळाभर टोपीबी घालत नाही," एक टक्कलवाले काका म्हणाले.

"तुह्या डोक्यावर टोपी टिकते कुठं? घसरते ते," सासरे म्हणाले.

हसत हसत गाव पुराकडे वळलं. पाहुणचार असा की, चित्रातली नदी चिंचोक्यांखाली दिसेना. उन्हापुढे आशाताईंची एक मूठ, बस. सासऱ्यांसमोर त्या पदर सावरून उभ्या होत्या. सहकारी माझ्याकडे बघत होती. पण गावाने ठेवलेला चिंचोका आम्ही हलवायचा नाही, असा आमचा नियम. फोटोबद्दल मात्र नियम नाही.

"काका," मी सासऱ्यांना म्हणालो, "ऊन घरचंच आहे, तर फोटो बाहेर काढू. उजेड छान आहे."

ते ऐटीत निघाले. चपला सकाळपासून दाराबाहेर उन्हात. त्यांनी उजवा पाय चपलेत घातला आणि तितक्याच वेगाने काढून फरशीवर टेकवला. फरशी चपलेपेक्षा तापलेली. मग डावा, मग उजवा.

"काहून नाचून राहिला गा?" टक्कलवाले काका आतूनच म्हणाले. "घरचंच हाय ना?"

सासरे परत पंख्याखाली येऊन बसले. आशाताई ओलं फडकं घेऊन आल्या होत्या.

"मामाजी, पाय इकडे करा."

त्यांनी पाय पुढे केला. आसामची पोरगी शेजारी बसून वहीने वारा घालत होती. त्यांनी सुनेच्या हातातल्या ओल्या फडक्याकडे पाहिलं.

"असे लोक रोज येतात वं तुह्याकडं?"

"मे महिन्यात रोजच, मामाजी. पत्र्याखाली ठेवते. दुसरी जागाच नाही."

त्या खोलीवर यंदा स्लॅब टाकला, आणि कूलरच्या टाकीत पाणी भरायचं काम सासऱ्यांनी कोणाला न विचारता स्वतःकडे घेतलं आहे. पण त्या दुपारी ते एवढंच ओरडले, "पोरी, तुहा पूर तुले परत. चिंचोके उचला गा सारे, अन् उनावर टाका!"