सेकंदाला फक्त तीस!

पस्तीस वर्षं बातमीदारी केली, पण खरे किस्से साठले ते निवृत्तीनंतर, पनवेलात केणींच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात! दर रविवारी सकाळी आम्ही तिघे तिथे गेम खेळतो : केणी, तळोज्याच्या केमिकल कारखान्यातला सलीम आणि मी. वयं विचारू नका. टीव्हीला जोडायच्या कन्सोलसाठी केलेला गेम कंपन्या कॉम्प्युटरवर आणतात, तेव्हा जी हेळसांड करतात तिच्यावर आमचा निम्मा रविवार जातो.

*

केणी मूळचे पनवेलजवळच्या कोन गावचे. त्यांनी हौसेने चांगला रुंद मॉनिटर घेतला. गेम लावला, तर चित्र मधोमध आणि दोन्ही बाजूंना जाड काळे पट्टे!

केणींनी दोन्ही पट्ट्यांवर बोट ठेवून दाखवलं. मग म्हणाले, "भाऊ, आमच्या शेताचा पन असाच झाला. एका बाजूनं हायवे, दुसऱ्या बाजूनं पाइपलाइन. मधी उरला तवढाच आमचा!"

*

सलीमचं दुखणं वेगळं. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रं आली तर तो मजेत असतो. तीस आली की डोकं गरगरतं, मळमळतं. डॉक्टर झाले, चष्मा बदलून झाला.

त्याची मुलगी सना सातवीत होती तेव्हापासून दोघं एक गेम-मालिका आळीपाळीने खेळत आले. मालिकेचा शेवटचा भाग आला तो नेमका तीसवर बांधलेला. आणि सनाला बंगळुरूला नोकरी लागलेली. "ती जायच्या आत संपवायचाय," सलीम म्हणाला आणि वीस मिनिटांत बेसिनकडे धावला.

मी सेटिंग उघडलं. 'कमाल फ्रेम रेट', म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त किती चित्रं, याची यादी खाली ओढली. यादीत एकच आकडा : तीस.

आयुष्यभर निवडणुका कव्हर केल्या, पण इतकी बिनविरोध बघितली नाही!

*

दुकानात आलेलं एक गिऱ्हाईक आम्हाला शिकवायला लागलं, "माणसाच्या डोळ्याला तीसच्या वर काही दिसतच नाही."

केणींनी शेजारी-शेजारी दोन स्क्रीन लावले, एक तीसवर, एक साठवर, आकडे झाकले, जागा बदलत राहिले. सलीमने दहाच्या दहा वेळा बरोबर ओळखलं.

"कसं काय?" गिऱ्हाईकाने विचारलं.

"कारखान्यात बारा वर्षं मीटरचे काटे बघतोय, जनाब. काटा थरथरलेला मला दिसला नाही, तर तुम्हाला कळंबोलीपर्यंत वास येईल!"

*

मी कंपनीला मेल लिहिला. उत्तर आलं : 'सिनेमासारखा अनुभव मिळावा म्हणून ही मर्यादा आहे.'

मी लिहिलं : 'सिनेमात नायकाला मला पळवावं लागत नाही.'

मग सलीमचं सगळं सविस्तर कळवलं. उत्तर : 'दर तासाला विश्रांती घ्यावी.'

असली उत्तरं मी सरकारी कचेऱ्यांतून उभा राहून आणली आहेत. तिथे निदान समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघता यायचं. एका माणसाला आपल्या लेकीबरोबर एक गोष्ट पुरी करायची आहे, आणि ती अडवणाऱ्याला चेहराच नाही. याचा राग मी कुठे छापू?

*

शेवटी केणींनी गेमच्या फायलीत शिरून ती मर्यादा काढली. चित्र लोण्यासारखं झालं! पण गेमचं घड्याळही त्याच आकड्याला बांधलेलं. सगळं दुप्पट वेगाने पळायला लागलं. सलीमचा नायक दार उघडण्याआधीच मेला.

केणी म्हणाले, "चक्कर तरी नाय ना आली?"

*

सना निघायच्या आदल्या रविवारी सलीम तिला घेऊन दुकानात आला. गेम पुन्हा तीसवरच आणलेला, म्हणून त्याने खुर्ची उलटी फिरवली आणि स्क्रीनकडे पाठ करून बसला. सना खेळायला लागली.

"काय दिसतंय?"

"लांब बोळ आहे, अब्बा. दोन पहारेकरी."

"भिंतीला धरून जा. घाई करू नकोस."

अडीच तास असंच चाललं. ती सांगत होती, तो वाट दाखवत होता. केणींनी दोन गिऱ्हाइकं दारातूनच परत पाठवली. मग बटणांचा आवाज थांबला.

"काय झालं?"

"दार उघडलं. बाहेर समुद्र आहे."

"केवढा?"

तिने खुर्ची मागे सरकवली. "गेम संपला, अब्बा. आता नुसती बनवणाऱ्यांची नावं येतायत. वळा."

सलीम वळला. शेकडो नावं खालून वर सरकत होती. कपाळाला हात लावून तो चक्कर यायची वाट बघत राहिला.

मग त्याने हात खाली घेतला.

"सना," तो म्हणाला, "ही नावं साठवर आहेत."